मराठवाड्यातून अंदमानला: दोघांनी बेटांची सहल कशी आखावी

अंदमानला जायचे ठरले की बहुतेक जण पाहण्याच्या ठिकाणांची यादी करायला बसतात आणि सहा दिवसांत दहा ठिकाणे कशी बसवायची, या विवंचनेत पडतात. मी आणि माझी पत्नी जालन्याहून तीन वेळा अंदमानला जाऊन आलो, आणि पहिल्या खेपेला आम्हीही नेमके हेच केले होते. आता कोणी विचारले तर मी सांगतो की यादी नंतर करावी. आधी बोटींच्या वेळा, सूर्यास्ताची वेळ आणि भरती-ओहोटी या तीन गोष्टी कागदावर मांडाव्यात, कारण बेटांवरचा आपला दिवस कसा जाणार हे त्याच ठरवतात.

पहिला प्रश्न महिन्याचा. डिसेंबर ते एप्रिल हा काळ सर्वांत सोयीचा असतो. नैर्ऋत्य मोसमी वारे आपल्याकडे पोहोचण्याच्या कितीतरी आधी, म्हणजे मे महिन्यातच, अंदमानात दाखल होतात आणि पाऊस तिथे नोव्हेंबरपर्यंत रेंगाळतो. वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या त्या बेटांवर दिवाळीच्या सुट्टीत जाणे म्हणजे जुगार आहे. आपल्याकडे आकाश निरभ्र झाले म्हणून तिथेही झाले असेल, असे समजू नये. शेती असलेल्या घरांना डिसेंबरचा मध्य चांगला जमतो, कारण तोवर सोयाबीन घरात आलेले असते आणि हरभऱ्याची पेरणीही उरकलेली असते.

मराठवाड्यातून निघायचे तर दोन वाटा आहेत. छत्रपती संभाजीनगरहून विमानाने मुंबई किंवा हैदराबाद गाठता येते, किंवा जालना-परभणीकडच्या मंडळींना रात्रीची अजिंठा एक्सप्रेस हैदराबादला सोडते. लातूर, नांदेड आणि धाराशिवच्या लोकांनीही हैदराबादचाच विचार करावा. तिथून थेट किंवा चेन्नईमार्गे विमानाने पोर्ट ब्लेअरला उतरता येते, ज्याचे नाव २०२४ पासून श्री विजयपुरम झाले आहे. चेन्नईहून समुद्रमार्गे जहाजही जाते, पण त्याला साधारण तीन दिवस लागतात. मोजून सुट्टी काढलेल्या जोडप्याने त्या वाटेला जाऊ नये. खर्चात सर्वांत मोठा वाटा विमानाच्या तिकिटांचा असतो, म्हणून तारखा पक्क्या झाल्या की तिकिटे दोन-तीन महिने आधीच काढावीत.

तिथे उतरल्यावर पहिला धक्का घड्याळ देते. घड्याळ भारतीय वेळेचेच असते, पण बेटे आपल्यापेक्षा सुमारे १७ रेखांश पूर्वेला असल्यामुळे सूर्य तिथे आपल्यापेक्षा तासाभराहून अधिक आधी माथ्यावर येतो. डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळलेला असतो. नवाला उठून, अकराला न्याहारी करून, तीनला फिरायला निघणाऱ्या माणसाच्या हाती तिथे फक्त अंधार लागतो. आमच्याकडे शेतावर पहाटे दारे धरायला जाणाऱ्या माणसाची जी दिनचर्या असते, तीच अंदमानात पाळावी: साडेचारला उठावे, सहाला बाहेर पडावे, दुपारी झोप काढावी आणि साडेतीनला पुन्हा किनाऱ्यावर असावे.

आता बेटांचा क्रम. माझ्या मते सहा रात्रींत तीन बेटे पुरेत: स्वराज द्वीप म्हणजे जुने हॅवलॉक, शहीद द्वीप म्हणजे जुने नील, आणि मुख्य बेटावरचे पोर्ट ब्लेअर. यापेक्षा अधिक बेटे घेतली की सहलीचा निम्मा वेळ धक्क्यावर रांगेत उभे राहण्यात जातो. पहिली रात्र पोर्ट ब्लेअरला काढावी, दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने हॅवलॉकला जाऊन तिथे दोन रात्री राहावे, मग एक रात्र नीलला, आणि शेवटच्या दोन रात्री परत पोर्ट ब्लेअरला. परतीचे विमान आणि बेटावरून येणारी बोट एकाच दिवशी कधीही ठेवू नये. पहिल्या खेपेला ज्या एजंटाने आमची सहल बांधून दिली होती, त्याने नीलहून येणारी बोट आणि चेन्नईचे विमान एकाच दिवशी बसवले होते. त्या सकाळी वारा वाढला, बोट रद्द झाली, आणि आम्ही दोघे नीलच्या धक्क्यावर बॅगांवर बसून आपले विमान निघून जाण्याची वेळ घड्याळात पाहत राहिलो. नवी तिकिटे काढावी लागली, ती कोणत्या भावाने, हे अजून आमच्या घरात मोठ्याने बोलले जात नाही.

बोटी दोन प्रकारच्या आहेत. सरकारी बोट स्वस्त असते, तिला हॅवलॉकला पोहोचायला दोन ते अडीच तास लागतात, आणि तिच्यात डेकवर उभे राहून समुद्र पाहता येतो, हा तिचा खरा लाभ आहे. खासगी बोटी वातानुकूलित आणि वेगवान असतात, सुमारे दीड तासात पोहोचवतात, पण बहुतेकींत काचेआड बसून राहावे लागते. तिकीट आधी काढावे, मूळ ओळखपत्र जवळ ठेवावे आणि बोट सुटण्याच्या तासभर आधी पोहोचावे. पोर्ट ब्लेअरमध्ये फिनिक्स बे आणि हॅडो असे दोन वेगळे धक्के आहेत, तेव्हा तिकिटावर कोणता लिहिला आहे हे रिक्षात बसण्यापूर्वी वाचावे. बोट लागणाऱ्यांनी रिकाम्या पोटी किंवा भरल्या पोटी न बसता हलके खाऊन निघावे, डॉक्टरांना विचारून आणलेली मळमळीची गोळी प्रवासाच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यावी आणि खालच्या मजल्यावर मध्यभागी जागा धरावी, कारण तिथे हेलकावे सर्वांत कमी जाणवतात. माझ्या पत्नीला एसटीसुद्धा लागते, आणि एवढे पथ्य पाळून तिने समुद्र तिन्ही वेळा निभावला.

हॅवलॉकवर दोन दिवस द्यावेत ते मुख्यतः राधानगरसाठी. धक्क्यापासून सुमारे १२ किलोमीटरवरचा हा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणून तिथे संध्याकाळी जावे. कालापत्थरचा किनारा पूर्वेकडे आहे, म्हणून तिथे पहाटे जावे. अनेक जण हे उलटे करतात आणि दोन्हीकडे सूर्य पाठीमागे घेऊन परततात. बेटावर फिरायला भाड्याची स्कूटर दोघांना सर्वांत सोयीची पडते. वाहन चालवण्याचा परवाना मात्र सोबत हवा. कृष्णनगर, श्यामनगर, गोविंदनगर ही तिथल्या वस्त्यांची नावे ऐकून आपण जिल्हा परिषदेच्या रस्त्यावरच आहोत असे वाटते. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी या वस्त्या वसवल्या, त्यामुळे बोलणे बंगाली ऐकू येते आणि हिंदी सर्वत्र चालते.

प्रवाळ पाहण्यासाठी एलिफंट बीचला सकाळीच बोटीने जावे. तिथे तोंडाला नळी आणि डोळ्यांना मुखवटा लावून पाण्यावर तरंगत खाली पाहायचे असते, त्याला स्नॉर्कलिंग म्हणतात, आणि त्यासाठी पोहता येण्याची अट नसते, कारण रबरी कडे आणि मार्गदर्शक सोबत असतो. पाण्याखाली उतरायचे असेल तर स्कूबा करावे, म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून बुडी मारावी; तेही पोहता न येणाऱ्याला प्रशिक्षकाच्या हाताला धरून करता येते, मात्र दमा, हृदयविकार किंवा गरोदरपण असल्यास करू नये आणि फॉर्मवर खरे तेच लिहावे. स्कूबा केल्यानंतर निदान १८ तास, शक्यतो २४ तास, विमानात बसू नये, कारण पाण्याच्या दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन उंचावर गेल्यावर बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडू लागतो. म्हणूनही हॅवलॉक सहलीच्या सुरुवातीला ठेवावे. मी पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेला माणूस, पण नळीतून तोंडाने श्वास घ्यायचा म्हटल्यावर माझे पाय लटपटू लागले. पत्नी म्हणाली, "अहो, मोटेच्या धावेवरून विहिरीत उडी टाकणारे तुम्ही, आणि गुडघाभर पाण्यात काय थरथरता?" मग ती आधी उतरली. दोघांपैकी ज्याला भीती कमी, त्याने आधी उतरावे, हा नियम मी त्या दिवसापासून सर्वांना सांगतो.

विहिरीच्या सवयीवर समुद्रात मात्र विसंबू नये. विहिरीचे पाणी जागेवर असते, समुद्राचे ओढते. ओढ लागली तर किनाऱ्याच्या दिशेने झगडत न बसता किनाऱ्याला समांतर पोहत ओढीबाहेर यावे. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, तेव्हा मगरीचा इशारा देणारा फलक दिसेल तिथे पाण्यात पाऊलसुद्धा टाकू नये, आणि अंधार पडल्यावर कुठेच पाण्यात उतरू नये.

नीलसाठी तिथी पाहावी लागते, आणि इथे घरातली दिनदर्शिका उपयोगी पडते. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती येते, तेव्हा पाणी जितके वर चढते तितकेच ओहोटीला खूप खाली उतरते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते आणि फरक थोडा राहतो. लक्ष्मणपूरजवळची खडकाची नैसर्गिक कमान ओहोटीलाच नीट पाहता येते, आणि तिच्या वाटेवरच्या खळग्यांत अडकलेले मासे, खेकडे, समुद्रकाकड्या आणि प्रवाळ उधाणाच्या ओहोटीला सर्वांत चांगले दिसतात. उलट, भरतपूरला काचेच्या तळाची बोट घ्यायची तर पाणी चढलेले हवे. ओहोटीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून ती मुक्कामाच्या ठिकाणी आदल्या रात्री विचारून घ्यावी. खडक निसरडे आणि धारदार असतात; पायांत पट्ट्याच्या सँडल घालाव्यात. भरतपूर, सीतापूर आणि लक्ष्मणपूर हे तिन्ही किनारे एका दिवसात होतात, कारण बेट जेमतेम १४ चौरस किलोमीटरचे आहे आणि सायकलनेही फिरता येते. अमावास्येच्या सुमारास गेलात तर आधी हॅवलॉकवर एक रात्र चकाकणाऱ्या पाण्यासाठी राखावी. सूक्ष्म जीवांमुळे वल्ह्याच्या प्रत्येक फटक्यासरशी पाण्यात निळसर उजेड पडतो, आणि चांदणे असल्यास तो फिका दिसतो.

पोर्ट ब्लेअर शेवटी ठेवण्याचे कारण सेल्युलर जेल हेही आहे. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या या तुरुंगाच्या सात इमारतींपैकी तीन उरल्या आहेत. बाबाराव आणि विनायक हे दोन्ही सावरकर बंधू इथे होते, आणि विनायकरावांची या तुरुंगातली वर्षे १९११ ते १९२१ अशी दहा. कोठडीत उभे राहून भिंत पाहायची तर सकाळी लवकर जावे, कारण दहानंतर गर्दीत काहीच मनाला शिवत नाही. संध्याकाळचा प्रकाश-ध्वनी कार्यक्रम वेगळ्या तिकिटाचा असतो. बाराटांग बेटावरच्या चुनखडीच्या गुहा पहिल्या सहलीत वगळाव्यात, असे माझे मत आहे: मध्यरात्रीनंतर उठावे लागते, अख्खा दिवस जातो, आणि रस्ता जारवा या आदिवासी जमातीच्या राखीव प्रदेशातून जातो, जिथे थांबणे, छायाचित्र काढणे किंवा खाऊ देणे गुन्हा आहे.

सामान दोघांत मिळून दोन बॅगा, चाके असलेल्या. आपल्याकडचा उन्हाळा कोरडा असतो, तिथला दमट. घाम वाळत नाही आणि जाड सुती कपडेही वाळत नाहीत. शाकाहारी जेवण मिळते, तरी शेंगदाण्याची चटणी न्यावी. धपाटे मात्र दमट हवेत दुसऱ्याच दिवशी चिकट होतात. हॅवलॉक आणि नीलवर एटीएम थोडी असतात आणि मोबाइलची रेंज भरवशाची नसते, म्हणून रोख रक्कम पोर्ट ब्लेअरहूनच न्यावी आणि सर्व तिकिटांच्या छापील प्रती ठेवाव्यात.

परत येताना किनाऱ्यावरचे शंख आणि प्रवाळाचे तुकडे उचलून आणू नयेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली प्रवाळाला आणि अनेक जातींच्या शंखांना संरक्षण आहे, आणि विमानतळावर बॅग उघडून ते काढून घेतात. देवघरासाठी शंख हवाच असेल तर पोर्ट ब्लेअरच्या 'सागरिका' या सरकारी विक्रीकेंद्रातून घ्यावा आणि त्याची पावती तपासणी होईपर्यंत हातात ठेवावी.