रुतलेली गाडी काढताना विंच कशाला बांधायची

मी जनावरांची डॉक्टर. वेल्हे-पानशेतच्या वरच्या अंगाला ज्या वाड्या आहेत, तिथे पावसाळ्यात पोचायचं तर जिप्सी लागते, आणि जिप्सीला विंच (गाडीवर बसवलेलं, दोर गुंडाळून ओढणारं यंत्र) लागते. अडलेली गाय उद्यापर्यंत थांबत नाही. माझी गाडी बऱ्याचदा रुतली आहे, पण विंचेने दगा दिला असं फारसं झालं नाही. खोळंबा झाला तो खुंटा, म्हणजे दोर बांधायला पक्कं काही, धड मिळाला नाही म्हणून. विंच हा शेवटी एक रहाट आहे. दोराचं दुसरं टोक कशाला बांधलंय त्यावर सगळं अवलंबून. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे, विशेषतः एकट्याने फिरणाऱ्यांसाठी.

खुंटा शोधायची वेळ रुतल्यानंतरची नाही. चिखल दिसला की गाडी अलीकडे थांबवा, उतरा आणि पुढे-मागे बघा. दोर साधारण 25 मीटरचा असतो. तेवढ्यात बांधण्याजोगं काही दिसतंय का? पुढे नसेल आणि मागे असेल, तर रुतल्यावर मागेच ओढून घ्यायचं हे तेव्हाच ठरवून टाका. आलेल्या वाटेची जमीन आपल्याला ठाऊक असते, पुढची नसते.

खुंट्यावर किती ओढ येणार याचा ढोबळ हिशेब असा. चाकं रुतली असतील तर गाडीच्या वजनाइतकी, मडगार्डपर्यंत गेली असेल तर दुप्पट, त्याहून वर चिखल आला असेल तर तिप्पट. माझी जिप्सी औषधं, सिलिंडर धरून सव्वा टन भरते. म्हणजे मडगार्डपर्यंतच्या चिखलात अडीच टन. आधी फावड्याने चाकांपुढचा आणि पोटाखालचा गाळ काढला तर हा आकडा झपाट्याने उतरतो. पंधरा मिनिटं खणलं की निम्मं काम होतं.

आता झाड. आमच्याकडे पहिली पसंती ऐन, जांभूळ, जुना आंबा, हिरडा. खोड निदान फूटभर जाड आणि झाड हिरवं, जिवंत हवं. पांगारा, सावर, शेवगा यांना हात लावू नका, लाकूड पोचट असतं. कारवीचा किंवा करवंदाचा झुडुपा कितीही दाट दिसला तरी तो खुंटा नाही.

पण खोडापेक्षा जमीन महत्त्वाची. सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या सपाट खडकाळ माळावर, कातळावर वीतभर माती असते आणि झाडाची मुळं चटईसारखी आडवी पसरलेली असतात. झाड मोठं दिसतं, पण खाली धरायला काही नसतं. ओढ्याकाठीही तेच, पाण्याने मुळांखालची माती नेलेली असते. एका जुलैत मी ओढ्याकाठच्या चांगल्या दीड फूट जाडीच्या झाडाला पट्टा बांधला. दोर ताणला गेला, गाडी हलेना, आणि सोबतचे आबा ओरडले, "डॉक्टरीणबाई, थांबा, भुई उचलतीय!" पाहिलं तर झाडाच्या पलीकडच्या बाजूला, गाडीपासून लांबच्या अंगाला, गवतात एक वाकडी फट पडली होती. बोट आत जाईल एवढी. आतून बारीक मुळं तुटल्याचा कडकड आवाज येत होता. मी विंच उलटी फिरवली आणि पट्टा सोडला. तेव्हापासून कोणी सोबत असेल तर त्याला एकच काम देते: लांब, बाजूला उभं राहून झाडाच्या पाठीमागची जमीन बघत राहायचं. एकटी असले तर हातभर ओढून थांबते, आणि दोर सैल करून मगच तिकडे जाऊन बघून येते.

बांधायचं बुंध्याशी, जमिनीला जितकं लगत तितकं चांगलं. छातीच्या उंचीवर बांधलं तर झाड तरफेसारखं वाकतं. पट्टा रुंद हवा, निदान 75 मिलीमीटर. पट्टा खोडामागून घेऊन त्याची दोन्ही टोकं एकाच शॅकलमध्ये (पिनेने बंद होणाऱ्या लोखंडी कडीत) अडकवायची, गळफास करायचा नाही. गळफासाने पट्ट्याची ताकद कमी होते आणि सालही कापली जाते. साखळी किंवा विंचेचा दोर थेट खोडाला कधीच गुंडाळू नये. झाडाचं अन्न सालीच्या आतून खाली मुळांकडे जातं. साल गोल कापली गेली की ते झाड हळूहळू मरतं. ही झाडं कुणाच्या तरी बांधावरची असतात, मालक जवळ असेल तर विचारून बांधा.

नवीन माणूस सगळ्यात जवळचं झाड गाठतो. खरं तर लांबचं घ्यावं. विंचेवर लिहिलेली ताकद ही रिळावर दोराचा एकच थर असतानाची असते. जितके थर जास्त तितकी ओढ कमी. दोर बराच बाहेर गेला की विंच जोरात ओढते. मात्र रिळावर शेवटचे वेढे राहू द्या, सिंथेटिक दोर असेल तर आठ-दहा. झाड जवळच असेल तर त्याला कप्पी लावा आणि दोर परत आपल्याच गाडीच्या हुकाला आणा. ओढ जवळपास दुप्पट, वेग निम्मा. लक्षात ठेवा, दोराच्या दोन्ही पदरांची ओढ मिळून त्या झाडावर येते. कप्पीने विंचेचा भार हलका होतो, झाडाचा नाही.

एक झाड पुरेसं वाटत नसेल तर शेजारच्या दोघांना मिळून बांधता येतं. दोन पट्ट्यांमधला कोन लहान ठेवा. तो 120 अंशांवर गेला की प्रत्येक झाडावर पूर्ण ओढ येते आणि दोन झाडं घेऊन काहीच मिळत नाही.

दगडाचं म्हणाल तर जिवंत खडक उत्तम, सुटा धोंडा फसवा. पहार बुडाशी घालून हलवून बघा. काळ्या दगडाची धार सुरीसारखी असते, पट्ट्याखाली गोणपाटाची जाड घडी घाला.

विजेचा खांब, विहिरीचा कठडा, मोरीची भिंत, गडगा (रचलेल्या दगडांचं कुंपण): यांना बांधायचं नाही. कारण सांगायची गरज नसावी.

दुसरी गाडी किंवा ट्रॅक्टर असेल तर तो ओढीच्या सरळ रेषेत उभा करा, चाकांना मोठे दगड लावा, चालकाला पायाचा ब्रेक दाबून बसवा. तरीही घसरत असेल तर तीच गाडी मागे झाडाला बांधा. शॅकल चासीला बोल्ट केलेल्या हुकालाच घालायचं. ट्रेलर जोडायच्या लोखंडी गोळ्याला कधीही नाही. तो तुटला तर गोळीसारखा येतो आणि माणूस जातो.

आणि काहीच नसलं तर? एकदा माळावर भरदुपारी अशी अडकले. नजरेच्या टप्प्यात झाड नाही. धनगरवाड्यावरून सहा घरच्या सहा पहारी आल्या. आबांनी त्या बैलाच्या खुंट्यासारख्या ठोकल्या: गाडीकडे तीन, त्यांच्यामागे हातभर अंतर सोडून दोन, शेवटी एक. प्रत्येक पहार गाडीच्या उलट बाजूला किंचित कललेली, दोन तृतीयांश जमिनीत. मग पुढच्या पहारींच्या डोक्यापासून मागच्यांच्या बुडाशी दोर करकचून बांधला, म्हणजे पुढचा खुंटा उपटायला लागला की मागचा त्याला धरतो. विंचेचा पट्टा पुढच्या तिघींच्या बुडाशी, मातीला टेकून. चांगल्या कोरड्या मातीत अशी रचना साधारण 1,800 किलो धरते. ओल्या मातीत निम्मंच धरा. म्हणून आम्ही आधी तासभर गाळ उपसला होता.

पहारी नसतील तर स्टेपनी पुरा. ओढीला आडवा, तीन फूट खोल चर खणायचा. चाक त्यात उभं, तोंड गाडीकडे. पट्टा रिमच्या मधल्या भोकातून घेऊन मागे जाड पाइप किंवा जॅकचा दांडा आडवा अडकवायचा. गाडीच्या बाजूला पट्ट्यासाठी तिरकी घळ काढा, नाहीतर ओढ वरच्या दिशेने लागून चाक बाहेर येतं. माती थराथराने तुडवून भरा. वेळ खूप लागतो, पण एकट्या माणसाला हे जमतं.

काहीही बांधलं तरी सुरुवात सारखीच. दोर जेमतेम ताठ होईल इतकीच विंच चालवा, थांबा, सैल करून खुंट्यापर्यंत चालत जाऊन बघा. दोर तुटलाच तर उसळू नये म्हणून त्यावर ओलं पोतं किंवा जाड गोधडी टाका. हातमोजे घाला, ताणलेल्या दोरावरून कुणालाही ओलांडू देऊ नका. पोरं जमतातच, त्यांना दोराच्या लांबीपेक्षाही लांब, बाजूला उभं करा.

गाडी निघाली की पहारी उपटा आणि चर पूर्ण बुजवून, तुडवून निघा. अंधारात चरायला सुटलेली गाय अशा खड्ड्यात पाय घालते. मोडलेल्या पायाची गाय मी वाचवू शकत नाही.