ब्लेंडरच्या बीटात स्क्रिप्ट चालवताय? या चुका टाळा

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या बीटात, म्हणजे चाचणीसाठी आधी दिलेल्या आवृत्तीत, तुमची जुनी पायथन स्क्रिप्ट एरर देऊन थांबली, तर निदान कुठे अडलं ते कळतं. खरी भीती असते ती एकही एरर न देता चुकीचं काम करून मोकळ्या होणाऱ्या स्क्रिप्टची.

ब्लेंडर ४.० मध्ये (नोव्हेंबर २०२३) प्रिन्सिपल्ड शेडरच्या (वस्तूचा पृष्ठभाग कसा दिसेल ते ठरवणाऱ्या भागाच्या) इनपुटांचा क्रम बदलला. ३.६ मध्ये १ क्रमांकावर सबसर्फेस (त्वचेसारख्या पृष्ठभागाच्या आत पसरणारा प्रकाश) होतं, ४.० मध्ये तिथे मेटॅलिक (धातूपणा) आलं. ज्या स्क्रिप्टमध्ये इनपुट क्रमांकाने घेतलेलं आहे, ती विनातक्रार चालते आणि पात्राच्या त्वचेला धातूची झाक देऊन जाते. नावाने घेणाऱ्या स्क्रिप्टही अडल्या, कारण ‘स्पेक्युलर’चं ‘स्पेक्युलर आयओआर लेव्हल’ झालं. पण त्या नेमक्या त्याच ओळीवर अडल्या, म्हणून दुरुस्ती दोन मिनिटांची. इनपुट नेहमी नावानेच घ्या.

असाच दुसरा सापळा रेंडर इंजिनचा. ४.२ मध्ये ईव्ही या ब्लेंडरच्या रेंडर इंजिनच्या (चित्र तयार करणाऱ्या भागाच्या) अंतर्गत नावाला ‘नेक्स्ट’ जोडलं गेलं आणि ५.० मध्ये ते पुन्हा काढलं. तुमची स्क्रिप्ट ‘इंजिन ईव्ही असेल तर’ असं जुन्या नावाने तपासत असेल, तर ४.२ मध्ये ती अट कधीच खरी ठरत नाही आणि तो भाग गुपचूप वगळला जातो.

एरर गिळून टाकणं

‘ट्राय’ लावून खाली नुसतं ‘एक्सेप्ट, पास’ (एरर आली तरी काही न करता पुढे जा) लिहायची सवय अनेकांना आहे. बीटा तपासताना ही सवय घातक ठरते. ती ओळ निदान तेवढ्यापुरती काढा आणि कन्सोल (एरर दाखवणारी खिडकी) उघडा ठेवा.

चालू कामाची फाइल बीटात सेव्ह करणं

हे कृपा करून करू नका. नव्या आवृत्तीत सेव्ह झालेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडली, तरी त्यातली काही माहिती गळू शकते. आधी कॉपी करा आणि तीच बीटात उघडा.

प्रत्येक बिघाडाला रिग्रेशन म्हणणं

रिग्रेशन म्हणजे आधी नीट चालणारी गोष्ट नव्या आवृत्तीत चुकून बिघडणं. पण काही गोष्टी मुद्दाम काढलेल्या असतात. ४.० मध्ये पात्राच्या हाडांचे गट करणारे बोन लेयर जाऊन बोन कलेक्शन आली, ४.१ मध्ये मेशचं (वस्तूच्या जाळीचं) ऑटो स्मूद गेलं. ऑपरेटरला (ब्लेंडरच्या आज्ञेला) कॉन्टेक्स्टची, म्हणजे ती कशावर चालवायची याची, डिक्शनरी देण्याची पद्धतही ४.० मध्ये बंद झाली; त्याआधीच, ३.२ पासून, ‘टेम्प ओव्हरराइड’ उपलब्ध होतं. हे सगळं रिलीज नोट्समधल्या पायथन एपीआयच्या पानावर असतं. ते आधी वाचा.

आणखी एक. फाइलमधल्या स्क्रिप्ट आपोआप चालवण्याचा पर्याय ब्लेंडरमध्ये मुळातच बंद असतो. बीटात कोऱ्या सेटिंगने सुरुवात केलीत, तर पायथनवर चालणारे ड्रायव्हर (एका मूल्यावरून दुसरं ठरवणारी सूत्रं) थंड पडतात आणि रिग (पात्र हलवणारा सांगाडा) मोडलं असं वाटतं. तेव्हा प्रेफरन्सेसमध्ये ‘सेव्ह अँड लोड’ बघा. फाइल ओळखीची असेल तरच तो पर्याय चालू करा.

एवढं करूनही बिघाड राहिला, तर ‘फाइल’ मेनूतल्या ‘डिफॉल्ट्स’मधून फॅक्टरी सेटिंग्ज लोड करा आणि एकही ॲडऑन (जादा जोडलेली सुविधा) नसताना तो पुन्हा होतो का ते पाहा. होत असेल, तर ‘हेल्प’मधल्या ‘रिपोर्ट अ बग’ने लगेच कळवा. आवृत्ती आणि ग्राफिक्स कार्डाचा तपशील तिथे आपोआप भरला जातो. तुम्ही द्यायची ती दहाएक ओळींची स्क्रिप्ट, छोटीशी फाइल आणि शेवटची नीट चालणारी आवृत्ती. पाचशे ओळींचा अख्खा ॲडऑन पाठवलात, तर दोष शोधण्यातच वेळ जातो, आणि बीटाचे आठवडे मोजकेच असतात.