शाळेत पाहिलेल्या गोष्टीला नवी संज्ञा द्यायची असेल तर

शिक्षणशास्त्र किंवा समाजशास्त्र घेऊन एम.ए., पीएच.डी. करणाऱ्या बहुतेकांना कधी ना कधी वाटतंच, की आपण शाळेत असताना जे पाहिलं त्याला अजून कुणी नाव दिलेलं नाही. असं वाटणं चांगलं आहे, ते दाबू नका. पण नाव सुचलं म्हणून लगेच प्रबंधाच्या शीर्षकात घालू नका. माझे कितीतरी महिने यातच गेले.

माझा विषय सेमी इंग्रजीच्या वर्गाचा. मी स्वतः सेमीची. विज्ञानाच्या तासाला बाई म्हणायच्या, "प्लांट्स मेक फूड बाय फोटोसिन्थे..." आणि अख्खा वर्ग एका सुरात, "...सिस!" मग "अंडरस्टूड?" "येस बाईऽऽ!" तास संपेपर्यंत हेच. मधल्या सुट्टीत डबा खाता खाता आम्ही मुली एकमेकींना विचारायचो, म्हणजे नेमकं काय गं? या सामूहिक 'येस'ला मी 'होकारघोष' म्हणायला लागले.

खरा सापळा इथून पुढे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. एकदा नाव मिळालं की निरीक्षण थांबतं. वर्गात मागच्या बाकावर बसून नोंदी घेताना मला जिकडेतिकडे होकारघोषच ऐकू येई. पोरांनी पाढे म्हटले, होकारघोष. मराठीच्या तासाला कविता चालीत म्हटली, तरी तेच. वहीत तो एक शब्द टाकला की पुढचं लिहावंसंच वाटत नाही. कोण बोललं, कोण नुसते ओठ हलवत होतं, उत्तराआधी बाई किती थांबल्या, फळ्यावरचं वहीत कसं उतरलं, सगळं त्या शब्दाखाली गडप होतं. पुढे वही उघडावी तर शब्द दिसतो, वर्ग दिसत नाही. आणि कुणी विचारलं, "हे पाढ्यांपेक्षा वेगळं कसं?" तर दाखवायला पुरावा नसतो. त्यामुळे वर्गातल्या नोंदीत आपली संज्ञा लिहायचीच नाही, अगदी समासातसुद्धा नाही. जे ऐकलं ते जसंच्या तसं लिहा. संज्ञांसाठी वेगळी वही करा.

दुसरं, आधी शोधा. शोधगंगा, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांचा ऑनलाइन साठा, चाळा, परिभाषा कोश बघा. कीथ चिक या अभ्यासकाने दक्षिण आफ्रिकेत क्वाझुलूमधल्या गणिताच्या वर्गाबद्दल 1996 साली जवळपास हेच लिहून ठेवलंय: वर्णभेदाच्या काळातली शाळा, शिक्षक आणि मुलं दोघांचीही मातृभाषा झुलू, शिकवणं इंग्रजीत, आणि एका सुरात उत्तरं. फारसं शिकणं होत नाहीये हे झाकून दोन्ही बाजू आपापली लाज राखतात, असं त्याचं म्हणणं. त्याने याला 'सेफ टॉक' म्हटलं. ते वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. तुमच्यावरही अशी रात्र येईल. घाबरू नका, अशाने विषय बुडत नाही. उलट तुमच्याकडे त्याच्यापेक्षा वेगळं काय आहे, हे तेव्हाच कळतं. माझ्याकडे मधली सुट्टी होती: वर्गात 'येस' म्हणून झाल्यावर मुली तोच धडा आपसांत मराठीत पुन्हा लावतात. प्रबंध उभा राहिला तो त्यावर.

काहीजण इंग्रजी संज्ञेला '-करण' नाहीतर '-भान' जोडून नवी संकल्पना मांडल्याचा दावा करतात. मला हा शॉर्टकट अजिबात पटत नाही. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्रज्ञ घुर्यांच्या हाताखाली शिकलेल्या एम. एन. श्रीनिवासांकडे बघा. खालच्या मानलेल्या जाती वरच्या जातींच्या चालीरीती उचलतात, याला त्यांना नाव द्यायचं होतं. त्यांच्यापुढे 'ब्राह्मणीकरण' हा शब्द होता, पण तो अपुरा पडत होता, म्हणून त्यांनी 'संस्कृतीकरण' घेतला. हा शब्दही अवघडलेला आहे, हे त्यांनी 1956 च्या लेखात स्वतःच लिहिलं. पुढे क्षत्रिय, वैश्य यांचेही नमुने असतात हे दाखवत ते संकल्पना वाढवत गेले. न बसणारी उदाहरणं संज्ञेला अशी घडवतात. तुम्हीही ती मुद्दाम शोधा. मला एक वर्ग असा मिळाला जिथे बाई आधी मराठीत समजावून मग इंग्रजी शब्द द्यायच्या. तिथेही मुलं एका सुरात उत्तर द्यायची, पण एकेकाला उभं केलं तरी सांगता यायचं. या वर्गामुळे मला व्याख्या बदलावी लागली.

गाइड निवडताना मोठ्या नावामागे जाऊ नका. तुमच्या कच्च्या नोंदी ओळ न् ओळ वाचणारी व्यक्ती निवडा, मग ती कितीही कडक असो. आणि संज्ञा नाहीच जमली तरी प्रबंध अडत नाही, साध्या वर्णनावर उत्तम प्रबंध झालेले आहेत. जमली, तर व्याख्येखालीच 'यात काय येत नाही' असा एक परिच्छेद लिहा. तोंडी परीक्षेला मला पहिला प्रश्न त्यावरच आला.