मोटरहोमने मेलबर्न ते सिडनी, समुद्राच्या कडेकडेने: दोघांसाठी

मेलबर्नहून सिडनीला ह्यूम हायवेने कार एका दिवसात पोचते. मोटरहोम, म्हणजे आत बेड, किचन आणि टॉयलेट असलेली गाडी, असेल तर तो रस्ता सोडा आणि प्रिन्सेस हायवे धरा. अंतर हजार किलोमीटरच्या थोडं वर, समुद्र उजव्या हाताला, आणि वाटेत एकापेक्षा एक सुरेख छोटी गावं. माझं पहिलं सांगणं: रोज दीडशे-दोनशे किलोमीटरच्या वर चालवू नका आणि दुपारी तीनच्या आत मुक्कामाला पोचा. बाकीचं सगळं या वेळेला धरून आखा.

कांगारू आणि वॉम्बॅट पहाटे आणि तिन्हीसांजेला रस्त्यावर येतात. मोटरहोम जड आणि उंच असते, जनावर चुकवायला स्टिअरिंग झटकन वळवलं तर कलंडू शकते. त्या वेळी सरळ रेषेत ब्रेक दाबायचा, वळवायचं नाही. त्यापेक्षा त्या वेळी रस्त्यावर नसणंच उत्तम. भाड्याच्या बऱ्याच करारांत गावाबाहेर रात्री चालवायला मनाई असते, तेवढं कलम सही करण्याआधी वाचा. शिवाय छोट्या गावातली बेकरी तीनच्या सुमाराला आवरते, शनिवारी दुपारनंतर बरीच दुकानं बंद होतात, आणि पबमधलं किचन आठपर्यंतच चालू असतं. उशिरा पोचलात तर गावाची फक्त बंद दारं बघायला मिळतात.

गाडी निवडताना दोघांसाठीसुद्धा कायम अंथरलेला बेड असलेली घ्या. रोज रात्री टेबल मोडून गाद्या जुळवायचा तिसऱ्या दिवशी कंटाळा येतो आणि चिडचिड एकमेकांवर निघते. एकूण वजनमर्यादा ४.५ टनांपर्यंत असेल तर साधं कारचं लायसन्स चालतं. भारतातून फिरायला येणाऱ्यांनी इंग्रजीतलं मूळ लायसन्स जवळ ठेवावं. गाडीची उंची मीटरमध्ये मोठ्या आकड्यात लिहून डॅशबोर्डवर चिकटवा. मेलबर्नमधल्या माँटेग्यू स्ट्रीटच्या पुलाखाली फक्त ३ मीटर जागा आहे आणि उंच गाड्या तिथे वर्षानुवर्षं अडकत आल्या आहेत. पेट्रोल पंपाचं छत आणि झाडाच्या फांद्या यांनाही तोच आकडा लागू.

गाडी ताब्यात घेताना प्रत्येक गोष्ट चालू करून दाखवायला सांगा आणि मोबाइलवर व्हिडिओ घ्या. विजेचं नीट समजून घ्या. कॅरव्हॅन पार्कमध्ये, म्हणजे अशा गाड्यांच्या मुक्कामाच्या तळावर, १५ अँपिअरचा सॉकेट असतो, घरातला १० अँपिअरचा. म्हणूनच मोटरहोमच्या वायरीची अर्थची पिन जाड असते. पार्कच्या विजेवर केटल आणि मायक्रोवेव्ह एकदम लावले तर फ्यूज उडण्याचीच शक्यता जास्त, एकामागून एक लावा. वीज नसलेल्या जागी दिवे, पाण्याचा पंप आणि फ्रिज चालतात, पण बहुतेक गाड्यांत मायक्रोवेव्ह आणि भिंतीतले सॉकेट चालत नाहीत.

टॉयलेटची पेटी रिकामी करायचं काम लोकांना नकोसं वाटतं, पण नीट केलं तर पाच मिनिटांचं आहे. हातमोजे घाला. पेटी डंप पॉइंटवर, म्हणजे मैला ओतायच्या ठरलेल्या जागी, न्या, तोटी खाली वळवा आणि ओतताना हवेचं बटण दाबून धरा. बटण सोडलं की आतलं पाणी गचके देत उसळतं आणि अंगावर उडतं. दाबून ठेवलं तर एकसारखी धार पडते. दोनदा पाणी घालून हलवून धुवा, मग रसायन आणि थोडं पाणी टाकून परत बसवा. तिथला धुण्याचा नळ पिण्याच्या पाण्यासाठी कधीही वापरू नका, आणि पिण्याच्या पाण्याची नळी वेगळ्या पिशवीत ठेवा. पेटी काठोकाठ भरायची वाट बघू नका, एक दिवसाआड रिकामी करा.

गाडी मागे घेताना एक जण खाली उतरतोच. आमच्यात मी चालवते आणि नवरा मागे उभा राहतो. आमचा नियम असा की आरशात मला त्याचा चेहरा दिसला पाहिजे. दिसेनासा झाला की मी तिथल्या तिथे थांबते. ओरडून सांगण्यात अर्थ नाही, इंजिनच्या आवाजात अर्धे शब्द ऐकू येत नाहीत. दोन्ही हात वर म्हणजे थांब, एवढी खूण पक्की ठरवा. सकाळी निघताना एकाने आतून आणि एकाने बाहेरून फेरी मारायची: गॅस बंद, छतावरची खिडकी बंद, कपाटांच्या आणि फ्रिजच्या कड्या, पायरी आत, वीजवायर काढलेली, गाडी सपाट उभी राहावी म्हणून चाकाखाली ठेवलेले रॅम्प उचललेले. मग जागा बदलून दोघांनी पुन्हा बघायचं. रोज. कंटाळा आला तरी.

आता वाटेबद्दल. वाटेत एक रात्र काढून पुढचा मुक्काम पेन्सव्हिलला करा. तिथून रेमंड आयलंडला फेरीबोट जाते, पायी जाणाऱ्यांना फुकट. मोटरहोम अलीकडच्या काठावरच ठेवा आणि चालत फिरा, निलगिरीच्या झाडांवर कोआला बसलेले असतात. मान वर करून हळू चाला, नुसतं रस्त्याकडे बघत गेलात तर एकही दिसणार नाही.

मग कॅन रिव्हरच्या पुढे जेनोआवरून आत वळून मॅलाकूटा. २०१९ च्या वर्षअखेरीच्या वणव्यात याच गावातले लोक पाण्याच्या कडेला अडकले होते, आणि जानेवारीत नौदलाच्या जहाजाने हजारावर माणसं बाहेर काढली. गावात शिरायचा पक्का रस्ता एकच. म्हणून डिसेंबर ते फेब्रुवारीत, म्हणजे तिथल्या उन्हाळ्यात, जात असाल तर व्हिक्टोरिया राज्याचं वणव्याचे इशारे देणारं व्हिकइमर्जन्सी ॲप मोबाइलवर हवंच, पुढच्या न्यू साउथ वेल्स राज्यात हॅझर्ड्स निअर मी. टोटल फायर बॅन, म्हणजे आगीवर सरसकट बंदी, असेल त्या दिवशी बाहेर शेकोटी नाही म्हणजे नाही. माझ्या मते मार्च-एप्रिल किंवा सप्टेंबर ते नोव्हेंबर हाच काळ चांगला. ईस्टर आणि नाताळ ते जानेवारीअखेर शाळांना सुट्टी, तेव्हा पार्कात जागा महिने आधी संपते आणि दरही चढतात.

एडनला सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये हंपबॅक देवमासे पिल्लांना घेऊन दक्षिणेकडे जाताना दिसतात. तिथल्या संग्रहालयात ओल्ड टॉम नावाच्या ऑर्काचा (किलर व्हेलचा) सांगाडा आहे. तो देवमासे मारणाऱ्या शिकाऱ्यांबरोबर शिकार करायचा. त्याचे झिजलेले दात जवळ जाऊन बघा. पुढे मेरिंबूला, बर्मगुईचा ब्लू पूल हा समुद्राच्या पाण्याचा पोहण्याचा तलाव, आणि गुलागा डोंगराच्या पायथ्याचं सेंट्रल टिल्बा. टिल्बाचा मुख्य रस्ता अरुंद आहे, गाडी बाहेरच ठेवा आणि लाकडी घरांच्या रांगेतून चालत जा. तिथलं चीज घ्या.

गावात खर्च करा, हे मी मनापासून सांगते. बऱ्याच गावांत शोग्राउंडवर, म्हणजे जत्रेच्या मैदानावर, कॅरव्हॅन पार्कच्या निम्म्या पैशांत रात्र काढता येते, आणि डंप पॉइंट नगरपालिकेने फुकट ठेवलेला असतो. त्या बदल्यात डिझेल, पाव, भाजी तिथल्याच दुकानातून घ्यावी. शेतांच्या फाटकाशी अंडी किंवा लिंबं आणि पैशांचा डबा ठेवलेला असतो, त्यासाठी सुटी नाणी जवळ बाळगा. फोडणी टाकायची असेल तर छताची खिडकी आधी उघडा, नाहीतर धुराचा अलार्म वाजतो आणि मसाल्याचा वास गादीत दिवसभर राहतो. किनाऱ्यावरच्या बागांत बटण दाबून चालणारे विजेचे बार्बेक्यू फुकट असतात. पनीर आणि कणसं त्यावर छान भाजली जातात.

शेवटचा मुक्काम कियामाच्या आसपास ठेवा. पेटी, सांडपाण्याची टाकी, केर, सगळं तिथेच उरका, सिडनीत ते जिकिरीचं होतं. गाडी परत देण्याच्या ठिकाणाजवळ डिझेल भरा. सिडनीतले टोल रोख घेत नाहीत, त्यांचं बिल कसं लागतं हे गाडी घेतानाच विचारून ठेवा.