पेपर परत आला, तेव्हा मी काय बदललं

‘इंग्रजी मातृभाषा असलेल्या कुणाकडून भाषा तपासून घ्या,’ असा शेरा मारून ज्वारीच्या मुळांवरचा माझा इंग्रजी संशोधन-पेपर जर्नलकडून परत आला. पैसे देऊन भाषा तपासून घेतली, तरी पुन्हा तोच शेरा. मग प्रिंट काढली आणि प्रत्येक क्रियापदाभोवती लाल पेनने गोल केला. बहुतेक गोल वाक्याच्या शेवटी! मराठीत क्रियापद तिथेच शोभतं; इंग्रजी वाचणारा मात्र तोवर ताटकळतो. एका ठिकाणी कर्ता आणि क्रियापदामध्ये २६ शब्द होते. त्याची तीन वाक्यं केली.

खरी गोची प्रस्तावनेत होती. संशोधनाचा प्रश्न थेट तिसऱ्या पानावर. भाषातज्ज्ञ जॉन स्वेल्स यांनी १९९० मध्ये मांडलेला क्रम लावला: आधी क्षेत्र, मग त्यातली उणीव, मग आपण काय केलं.

इंग्रजीतले ‘अ’ (a) आणि ‘द’ (the) अजूनही चुकतात. मराठीत अशी उपपदंच नाहीत. म्हणून नामापाशी थांबून विचारते, नेमकं कुठलं, हे वाचकाला ठाऊक आहे का? असेल तर ‘द’. पण इंग्रजी कच्चं म्हणजे संशोधन कच्चं, हे मला मुळीच मान्य नाही.

तिसऱ्या फेरीत परीक्षकांनी भाषेबद्दल चकार शब्द काढला नाही. मुळं किती खोलीपर्यंत मोजली, एवढंच विचारलं.