युरोपला द्राक्ष पाठवायचीत? मग लेबल नसलेली बाटली बागेत नको

गोडी छाटणीनंतर (फळासाठीची ऑक्टोबरच्या सुमाराची छाटणी) बागा पोंगा (नुकते फुटलेले कोंब) ते फुलोऱ्यात आहेत. ढगाळ हवा, पहाटेचं दव, मधूनच अवकाळीची सर. केवड्याच्या (पानांवर-घडांवर येणारा बुरशीचा रोग) धास्तीने माणूस दुकानाकडे धावतो आणि नेदरलँड्सला जायचा माल तिथेच बाद व्हायला लागतो.

युरोपात ज्या औषधाच्या अंशाला वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला सरसकट किलोला ०.०१ मिलिग्रॅम. म्हणजे शंभर टन द्राक्षात एक ग्रॅम! शेजारच्या टोमॅटोवर मारून ब्लोअरच्या (फवारणी यंत्र) टाकीत राहिलेला गाळसुद्धा नडू शकतो. २०१० चा हंगाम आठवा. वेलीची वाढ रोखायला मारलेल्या सीसीसीचे (क्लोरमेक्वाट क्लोराइड) अंश सापडले आणि कंटेनर तिकडेच अडकले. तिथे त्याची मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम.

दुकानदार 'जैविक आहे, रेसिड्यू फ्री (अंश न राहणारं) आहे' म्हणत महागडी बाटली हातात ठेवतो. तिच्यावर ना घटक, ना नोंदणी क्रमांक, ना बिल. अशा बाटलीने भुरी (पांढरी बुरशी) दोन दिवसांत साफ झाली तर खूश होऊ नका. माझा अनुभव असा, की नुसतं जैविक एवढ्या झटक्यात काम करत नाही. आत काहीतरी मिसळलेलं असतं. आणि ही फवारणी नोंदवहीत कोणीच लिहीत नाही.

फवारणी झाली की त्याच दिवशी लिहा: घटक, मात्रा, बॅच नंबर. लेबलचा फोटो काढून ठेवा. औषध निवडताना पुण्याजवळच्या मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचं चालू हंगामाचं परिशिष्ट ५ (औषधांची यादी) बघा. काढणीआधी किती दिवस थांबायचं ते त्यात आहे. गेल्या वर्षीची झेरॉक्स चालत नाही.

बाकी कामं:
– कृषी विभागाकडे ग्रेपनेटची (निर्यातीच्या द्राक्षबागांची ऑनलाइन नोंद) प्लॉट नोंदणी किंवा नूतनीकरण
– फेलफुटी (बगलेतले जादा फुटवे) काढणे, घडांची विरळणी
– भुरीला गंधक ८० टक्के डब्ल्यूडीजी (पाण्यात विरघळणारे दाणे), लिटरला २ ग्रॅम. कडक उन्हात नको
– बांधाकडच्या दाट ओळींत पानामागे केवडा आधी शोधा (हा माझा अंदाज, पण बहुधा खरा ठरतो)
– फायटोसॅनिटरी (माल रोग-किडीमुक्त असल्याचं) प्रमाणपत्र निर्यातदार काढतो, प्रत मागून घ्या

प्रयोगशाळेने नमुना नेल्यावर एकही फवारणी नको, 'टॉनिक'ही नको.

अनोळखी बाटली आधीच मारून झाली असेल तर निर्यातदाराला आत्ताच सांगा. काढणीच्या बरंच आधी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत स्वतःच्या खर्चाने तपासणी करा. अंश निघालेच, तर तो प्लॉट युरोपच्या मालातून वेगळा काढा. दुसऱ्या प्लॉटच्या क्रेटमध्ये त्याचा एक घडही जाऊ देऊ नका.