थर्टी-ऑट-सिक्सच्या पुंगळीतून ८×५७ माउझर कशी काढायची

इकडे अमेरिकेत रेंजवर .३०-०६ (थर्टी-ऑट-सिक्स) काडतुसाच्या रिकाम्या पुंगळ्या पायलीला पन्नास मिळतात, आणि जुन्या माउझर रायफलची ८×५७ ब्रास (म्हणजे पितळी पुंगळी) मात्र कधी दुकानात असते कधी महिनोन् महिने गायब, म्हणून बरेच हँडलोडर (स्वतः काडतुसं भरणारे) ३०-०६ च कापून दाबून ८×५७ करतात. तयार मिळत असेल तर सरळ विकत घ्या बाबांनो, यात वेळ भरपूर जातो. भारतातून वाचत असाल तर हे फक्त माहिती म्हणून वाचा, आर्म्स ॲक्ट १९५९ प्रमाणे लायसन्सशिवाय काडतुसं बनवणं गुन्हा आहे.

हे जमतं कारण दोन्ही पुंगळ्यांचं बूड जवळपास सारखंच आहे, साधारण १२ मिमी, फरक उंचीचा आणि शोल्डरचा, म्हणजे पुंगळी तोंडाकडे बारीक होते त्या उताराचा. ३०-०६ ची लांबी ६३ मिमी, ८×५७ ची नावातच आहे.

आधी साधं रिसायझिंग नीट कळलं पाहिजे, कारण रिफॉर्मिंग म्हणजे तेच काम जरा जास्त अंगावर घेणं. गोळी झाडली की ब्रास फुगून चेंबरला (रायफलमध्ये काडतूस बसतं त्या जागेला) चिकटते आणि थोडी आकसते, डाय (प्रेसमध्ये बसवायचा साचा) तिला परत दाबून बारीक करते. डायबरोबरच्या कागदावर लिहिलेलं असतं की शेल होल्डर (पुंगळीचं बूड धरणारा तुकडा) डायला टेकवा आणि डायला आणखी पाव फेरी द्या. आता डायचे आटे इंचाला १४, म्हणजे एका फेरीत ०.०७१ इंच आणि पाव फेरीत जवळजवळ ०.०१८ इंच. यातलं थोडं प्रेसच्या लवचिकपणात जातं, तरी बोल्ट ॲक्शन रायफलला शोल्डर ०.००१ ते ०.००२ इंच मागे गेला की पुरे, बाकी सगळं फुकटचं दाबणं आहे. कॅलिपरला कंपॅरेटर (शोल्डरपर्यंतचं माप घेणारा जोड) लावा, झाडलेल्या पुंगळीचं माप घ्या, आणि डाय वरून हळूहळू खाली आणा, तेवढाच फरक पडला की थांबा.

जास्त दाबलं तर लगेच काहीच दिसत नाही, हाच त्रास. पुढच्या प्रत्येक शॉटला पुंगळी चेंबरमध्ये लांब ताणली जाते, बुडाच्या जरा वर आतून पातळ होत जाते, आणि एक दिवस तिथेच तुटते, मग गरम गॅस ॲक्शनमधून (रायफलच्या बोल्टच्या भागातून) तुमच्या तोंडाकडे येऊ शकतो. बाहेरून त्या जागी चकचकीत कडं दिसायला लागलं की शंका घ्या. पेपरक्लिप सरळ करून टोक थोडं वाकवा आणि आतून भिंतीवर फिरवा, खाच अडकली की पुंगळी भंगारात, अजून एकदा चालेल वगैरे नाही.

आता रिफॉर्मिंग. पुंगळ्या आधी निवडा. बॅटरी मारून आत बघा, मधोमध एकच भोक पाहिजे, दोन बारीक भोकं दिसली तर बर्डन जातीचा प्राइमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी), तो बाहेर ढकलणारी डायमधली डिकॅपिंग पिन मोडणार. सरप्लस .३०३ (हे वेगळं काडतूस) च्या बुडावर कधी कधी के एफ असा शिक्का दिसतो, तो आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याचा, बघून बरं वाटतं, पण त्याही बर्डनच. मिलिटरी ३०-०६ असेल तर प्राइमरच्या खोबणीचा क्रिंप (प्राइमर धरून ठेवणारी दाबलेली कड) काढावा लागतो. आणि जुन्या प्राइमरच्या धुळीत शिसं असतं, हात धुतल्याशिवाय चहाला हात लावू नका.

मग ॲनीलिंग, म्हणजे तापवून मऊ करणं. काडतुसाची ब्रास म्हणजे ७० टक्के तांबं ३० टक्के जस्त, दाबली की कडक होते, कडक झाली की नेक (शोल्डरच्या वरची, गोळी धरणारी बारीक नळी) तडकते. अंधुक उजेडात फक्त नेक आणि शोल्डर टॉर्चवर फिरवा, लाल झाक जेमतेम दिसायला लागली की बाहेर, लालभडक करायची नाही. बूड कधीही तापवायचं नाही, ते मऊ झालं तर प्रेशर धरणार कोण? पाण्यात टाकलं तरी ब्रास कडक होत नाही, फक्त उष्णता बुडाकडे जायची थांबते.

आता पुंगळीच्या अंगाला सायझिंग वॅक्स चोळा, बोटावर चिकट लागेल इतकंच, शोल्डरवर साचलं तर खड्डे पडतात आणि अजिबात नसेल तर पुंगळी डायमध्ये अशी अडकते की ड्रिल मारून, टॅपने आटे पाडून ओढावी लागते. ८×५७ च्या फुल लेंथ डायमध्ये एका झटक्यात नाही, थोडं दाबा, बाहेर काढा, पुसा, परत वॅक्स, परत दाबा. वर लांबलचक नेक उरते, ती बारीक करवतीने एखादा मिलीमीटर जास्त ठेवून कापा, मग ट्रिमरवर ५७ मिमीच्या जरा आत आणा आणि कडा आतून बाहेरून साफ करा. शोल्डर मुद्दाम किंचित उंच ठेवायचा, म्हणजे फायरिंग पिन काढलेला बोल्ट रिकाम्या पुंगळीवर बंद करताना हाताला हलका अडसर लागेल इतकाच.

खरी मेख नेकमध्ये. नवी नेक ३०-०६ च्या शोल्डर आणि अंगाच्या ब्रासमधून आलेली असते, म्हणून जाड, आणि शोल्डरच्या सांध्याशी आतून अजून एक जाड कडं राहतं त्याला डोनट म्हणतात. जाड नेक चेंबरमध्ये फुलायला जागा मिळाली नाही तर गोळी सुटत नाही आणि प्रेशर भसकन वाढतं. दारू-प्राइमर नसलेलं, फक्त गोळी बसवलेलं डमी बनवा, त्यावर नेकचं बाहेरचं माप घ्या, तुमच्या चेंबरच्या नेकपेक्षा निदान ०.००२ इंच कमी हवं. जास्त भरलं तर आतून रीमरने किंवा बाहेरून नेक टर्निंगने खरवडून पातळ करा. पहिल्या फायरिंगनंतर नवी गोळी नेकमध्ये सहज आत पडली पाहिजे, अडली तर नेक अजून जाड आहे.

जाड ब्रासमुळे आत जागाही कमी असते, म्हणून छापील मॅन्युअलमधल्या स्टार्ट लोडपासूनच (दारूच्या सुरुवातीच्या कमी मापापासून) सुरू करा, तेही बॅरल तपासून, कारण १८८८ च्या जुन्या रायफलींना .३१८ इंच व्यासाची गोळी लागायची आणि नंतरच्यांना .३२३.

बुडावर अजूनही ३०-०६ च लिहिलेलं असणार, तेव्हा प्रत्येकीवर पर्मनंट मार्करने ८×५७ लिहा, वेगळ्या डब्यात ठेवा, आणि ३०-०६ ची रायफल बाहेर असेल त्या दिवशी तो डबा घरीच राहू द्या.